सूर्यफुलाचं बियाणं प्रत्येक वाडीत एकेकाला देऊ नका

तुमच्या शेतकरी गटाकडे 10 जणांना पुरेल एवढं सूर्यफुलाचं बियाणं आहे, गावात हे पीक कोणी घेत नाही, आणि प्रत्येक वाडीत एकेकाला द्यायचा तुमचा बेत आहे. अशी वाटणी रास्त दिसते, पण तिने पीक पसरत नाही.

एकाच्या रानात पीक साधलं की बघणारे म्हणतात, "त्याची जमीन भारी, विहिरीला पाणी." ओळखीतल्या दुसऱ्याकडेही तेच दिसलं, की मग बियाण्याची चौकशी सुरू होते. आफ्रिकेतल्या मलावी देशात 200 गावांत खड्डे करून पेरण्याच्या पद्धतीवर हे तपासलं गेलं (पीक नवं नव्हतं, पद्धत नवी होती). गावागणिक दोघांना शिकवलं. कृषी सहायकांनी नेहमीसारखी माणसं निवडली, तिथल्या जवळपास निम्म्या गावांत तीन वर्षांत पद्धत पुढे सरकलीच नाही. ज्या दोघांच्या ओळखीची घरं सामाईक होती, तिथे ती जास्त पसरली.

म्हणून आधी घरोघर एकच विचारा: "गेल्या हंगामात बियाण्या-खताबद्दल कोणाला विचारलंत?" दोन-तीन नावं लिहून घ्या. "हुशार शेतकरी कोण?" असं विचाराल तर सगळे पुढाऱ्याचं नाव घेतील. बायकांना वेगळं विचारा, त्यांची विचारायची माणसं निराळी असतात. बांधाला बांध आहे म्हणून सल्ला घेतातच असंही नाही. ज्या दोघा-तिघांकडे तीच ती घरं जातात, त्यांना बियाणं द्या. मात्र ते कोरडवाहूच हवेत. ठिबकवाल्याचं पीक बघून कोरडवाहूवाला काही शिकत नाही.

सूर्यफूल शेजारशेजारच्या रानांत पेरायला वेगळं कारण आहे: पोपट. 10 गुंठ्यांचा एकटा तुकडा दाणे भरताना ते फस्त करतात. शक्यतो लागून आणि एकाच आठवड्यात पेरा. 10 गुंठ्यांना संकरित बियाणं अर्धा किलो धरा. मधमाशा कमी दिसल्या तर फुलोऱ्यात सकाळी 8 ते 11 हाताला मऊ फडकं गुंडाळून फुलाच्या तबकावरून हलकेच फिरवा, एक दिवसाआड. नाहीतर मधले दाणे पोकळ राहतात, आणि पोकळ दाण्यांची बातमी चांगल्या पिकाच्या आधी गावभर होते.

दुसऱ्या वर्षी वेगळीच अडचण येते. मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतात सूर्यफुलाचंच दिसलं: ओळखीत थोडे पेरणारे असले की माणूस पुढे येतो, फार झाले की थांबतो, कारण दुसऱ्याच्या रानात फुकट शिकायला मिळतं. त्यामुळे खरेदीदार पेरणीआधीच पक्का करा आणि त्याचा भाव त्याच हंगामात पेरणाऱ्यांपुरता ठेवा.