तुमचे प्रश्न: खंड्याच्या मागचे पांढरे गोळे

प्रश्न : खंड्याचा फोटो मिळालाय, पक्षी एकदम शार्प आहे पण मागे पानांतून ऊन येत होतं त्याचे पांढरे गोळे झालेत. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये बॅकग्राउंड ब्लर केलं तर पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसतोय. काय चुकतंय?

उत्तर : तुमचा फोटो २०० टक्के झूम करून पाहिला. चोचीभोवती निळसर-नारिंगी धूर आहे, डोक्यावरच्या पिसांची बारीक टोकं पुसली गेलीत, पण सगळ्यात जास्त खटकते ती पायाखालची फांदी. नखांपाशी शार्प आणि तिथून बोटभर पुढे गेलं की एकदम धूसर. खऱ्या फोटोत असं होत नाही हो, जी फांदी पक्ष्याच्याच अंतरावर आहे ती पक्ष्याइतकीच शार्प येते आणि मागे जाणारी हळूहळू विरत जाते. अ‍ॅपला हे कळत नाही, त्याने फक्त पक्षी ओळखला आणि बाकी सगळं पुसलं, म्हणून तो हवेत लटकल्यासारखा दिसतो.

आता धूर. ब्लर म्हणजे शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळणं, त्यामुळे पक्षी जागेवर असताना ब्लर मारलं की त्याचा निळा-नारिंगी बाहेर सांडतो, मग वर शार्प पक्षी ठेवला तरी सांडलेलं कडेने दिसत राहतं. फोटोशॉपमध्ये लेयरची कॉपी करा, त्या कॉपीतून पक्षी आणि फांदी दोन्ही कंटेंट-अवेअर फिलने काढूनच टाका (भराव वेडावाकडा आला तरी चालेल, ब्लरमध्ये जाणारच आहे), मग ब्लर करा आणि मूळ पक्षी फांदीसकट मास्क लावून (म्हणजे बाकीचा भाग झाकून) वर आणा. धूर गेला.

पण खरं सांगू का, तुमच्या फोटोला ब्लरची गरजच नाहीये! मागचं आधीच मऊ आहे, त्रास उजेडाचा आहे, कारण नजर आधी फोटोतल्या सगळ्यात उजळ जागेकडे जाते आणि इथे ती जागा खंड्याचा डोळा नसून ते गोळे आहेत. लाईटरूममध्ये बॅकग्राउंड सिलेक्ट करा, हायलाइट्स बरेच खाली, एक्स्पोजर साधारण अर्धा स्टॉप (स्लायडरवर -०.५०) खाली, क्लॅरिटी आणि टेक्श्चर थोडं मायनस, बस. ऑटोमॅटिक मास्क चोचीचं टोक आणि पायांमधली फट हमखास चुकवतो, तेवढं ब्रशने हाताने नीट करा, या कामाला दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या. एक लक्षात ठेवा, जे गोळे पार जळालेत त्यात रंगच उरलेला नाही, ते खाली ओढले की मळकट राखाडी होतात, तिथे मग शेजारचा हिरवा क्लोन करावा, म्हणजे त्याची नक्कल वर चढवावी लागते. म्हणून फोटो शक्यतो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, जेपेगपेक्षा त्यात उजळ भागाची माहिती बरीच जास्त शिल्लक असते.

प्रश्न : नॉइज (फोटोतले दाणे) काढला की मागचं आकाश प्लास्टिकसारखं होतं आणि पट्टे दिसतात.

उत्तर : ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, हळू बदलणाऱ्या आकाशात त्या डोळ्याला दिसायला लागतात. एडिटिंग १६ बिटमध्ये करा, तिथे पायऱ्या कितीतरी जास्त असतात, आणि शेवटी बॅकग्राउंडवर अगदी हलका ग्रेन परत टाका. पक्षी दाणेदार आणि मागचं गुळगुळीत असलं की तेही चिकटवल्यासारखंच दिसतं.

प्रश्न : डोक्यामागची एक काडी काढली म्हणून स्पर्धेच्या नेचर विभागात फोटो बाद झाला. एवढ्याशा काडीसाठी?

उत्तर : वाईट वाटलं असणार, पण परीक्षकांचं बरोबर आहे. फियाप (आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघ), पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१४ मध्ये नेचर फोटोग्राफीची एकच व्याख्या ठरवली आणि अनेक स्पर्धा तीच पाळतात. क्रॉप चालतं, धुळीचे डाग आणि नॉइज काढलेला चालतो, पण चित्रातली गोष्ट काढणं, घालणं किंवा हलवणं नाही चालत, मग ती काडी असो की झाड. म्हणजे वर सांगितलेलं गोळ्यांवरचं क्लोनिंगही तिथे नको. मलाही हा नियम पटतो, कारण नेचरचा फोटो बघणारा पक्षी तिथे असाच बसला होता असं धरून चालतो. भिंतीवर लावायच्या प्रिंटमधून काडी खुशाल काढा, कोणी विचारलं तर सांगा म्हणजे झालं.

आणि पुढच्या वेळी व्ह्यूफाइंडरमध्ये पक्ष्याच्या डोक्यामागे काय आहे ते आधी बघा. पाऊलभर डावीकडे सरकलात तर काडी डोक्यामागून बाजूला जाते, आणि जमिनीवरच्या पक्ष्यासाठी पोटावर झोपलात तर मागची जवळची माती जाऊन लांबचं गवत येतं, ते आपोआप विरघळतं. पक्षी बिचकत असेल तर मात्र सरकू नका, काडी राहू दे.