शेंगदाणा-बदामाची नानकटाई : दोन प्रश्न

प्रश्न : दिवाळीसाठी घरच्या ओटीजीत शेंगदाणा-बदामाची नानकटाई करते. पहिला घाणा चांगला होतो, दुसरा पसरतो आणि तळाला करपतो. काय चुकतं?
– वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दुसरा घाणा तुम्ही बहुधा त्याच गरम ट्रेवर लावता. मग ओव्हनमध्ये जायच्या आधीच तूप विरघळायला लागतं. ट्रे पूर्ण गार होऊ द्या आणि तोवर उरलेले गोळे फ्रिजमध्येच राहू द्या.

25 नगांसाठी मैदा 150 ग्रॅम, कणीक 50, थिजलेलं तूप 120, पिठीसाखर 100, शेंगदाणे 50, बदाम 30, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलची. पातळ तूप अजिबात घेऊ नका. तूप-साखर पांढरट, हलकी होईपर्यंत फेटा. मग पीठ नि कूट घालून गोळा होईल इतकंच एकत्र करा. मळलंत तर नानकटाई चिवट होते. 20 ग्रॅमचे गोळे अर्धा तास गार करून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 160 अंशांवर मधल्या खणात 18 ते 20 मिनिटं भाजा. काळ्या, पातळ ट्रेला तळ लवकर लागतो, म्हणून खाली बटर पेपर घाला. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागायला हवी, खुसखुशीतपणा गार झाल्यावर येतो. आतच कडक व्हायची वाट पाहिली की तळ करपलाच.

कुटाकडेही लक्ष द्या. शेंगदाणे, बदाम भाजून पूर्ण गार करा आणि चमचाभर मैदा घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवा. जाडसरच हवं. तेल सुटलं की तूप जास्त पडल्यासारखंच होतं, आणि नानकटाई पसरते. दाणे निवडूनच घ्या. बुरशी लागलेले, काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे टाकून द्या, कारण बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानं पूर्ण जात नाही.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. बदाम-दाणे घातलेली नानकटाई त्यांना पौष्टिक म्हणून देता येईल का? साखरेऐवजी तासगावचा बेदाणा घातला तर?
– वाचक, मिरज

उत्तर : बदाम-दाणे गुणाचे आहेतच. बदामात 100 ग्रॅमला सुमारे 21 ग्रॅम प्रथिनं, 12 ग्रॅम तंतू. शेंगदाण्यात प्रथिनं 25 ग्रॅमच्या आसपास, तेही कमी पैशांत. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासात (2013, सुधारित 2018) भूमध्यसागरी आहाराबरोबर रोज 30 ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिलेल्या गटात हृदयविकार-पक्षाघाताच्या घटना कमी आढळल्या. पण तिथं नुसता सुकामेवा होता. वरच्या प्रमाणात एका नानकटाईत सुकामेवा जेमतेम 3 ग्रॅम, साखर 4 ग्रॅम आणि कॅलरी शंभरेक. 30 ग्रॅम सुकामेवा पोटात जायला नऊ-दहा नानकटाया लागतील, म्हणजे जवळजवळ 40 ग्रॅम साखर. म्हणून मूठभर भाजलेले दाणे-बदाम वेगळेच द्या. नानकटाई सणाचा गोड पदार्थ म्हणून जेवणानंतर एखादीच, तीही त्यांच्या डॉक्टरांनी आखलेल्या आहारात बसवून.

बेदाण्याच्या वजनातही निम्म्याहून जास्त साखरच असते, त्यामुळे साखरेऐवजी तो घालून मधुमेहींचा फायदा नाही. त्यापेक्षा साखर 80 ग्रॅमवर आणा. त्याहून कमी केलीत तर नानकटाई कोरडी, भुसभुशीत होते. चवीसाठी बेदाणा हवाच असेल तर 20 ग्रॅम बारीक चिरून पिठातच मिसळा. वर लावलेला बेदाणा आधी करपतो आणि कडू लागतो.