वाचक विचारतात: ते चार घोडेस्वार खरंच घोड्यावर होते का?

प्रश्न : सर, आम्ही पेठेतली फुटबॉलवाली पोरं. मोबाईलवर एक जुना फोटो आला, चार जण हेल्मेट घालून घोड्यावर बसलेत, खाली लिहिलंय नोटर डेम 1924. हा कुठला फुटबॉल? आणि ही टीम एवढी गाजली का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : नाही दादा, मॅच घोड्यावर नव्हती. हा अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. 18 ऑक्टोबर 1924 ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोटर डेम कॉलेजनं आर्मीला, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या कॉलेजच्या टीमला, 13-7 हरवलं आणि ग्रँटलंड राइस नावाच्या पत्रकारानं त्यांच्या चार बॅकना, म्हणजे लाइनच्या मागं उभं राहून बॉल घेऊन पळणाऱ्यांना, बायबलातल्या संकटं घेऊन येणाऱ्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. स्टुलड्रेहर, क्राउली, मिलर, लेडन. मग कॉलेजच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एका पोरानं भाड्याची घोडी आणली, चौघांना वर बसवून फोटो काढून घेतला, तोच तुमच्याकडं आलाय.

आता गंमत बघा, चौघांत कुणीच धिप्पाड नव्हता, वजन फार तर 73 किलोच्या आसपास, स्टुलड्रेहर तर त्याहून हलका. पण कोच नूट रॉक्नी लई डोक्याचा माणूस. बॉल सुटायच्या आत चौघं एका तालात जागा बदलायचे आणि लगेच खेळ सुरू, समोरच्याला सावरायला वेळच नाही, पुढं तर नियमच करावा लागला की जागा बदलल्यावर एक सेकंद थांबायचं. शिवाय रॉक्नी बऱ्याचदा सुरुवातीला दुसरी फळी उतरवायचा, ती समोरच्यांना दमवायची आणि मग हे ताजेतवाने आत यायचे.

पण मला त्या सीझनमधली सगळ्यात आवडती मॅच आर्मीची नाही, नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमशी झालेली. हे चौघं एकत्र खेळायला लागल्यापासून फक्त दोनदा हरले होते, 1922 ला आणि 1923 ला, आणि दोन्ही वेळा नेब्रास्काकडूनच. एकाच टीमकडून लागोपाठ दोन वर्षं हरल्यावर काय वाटतं हे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्याला मी काय सांगू, तिसऱ्या वर्षी त्यांनी 34-6 नं हिशोब चुकता केला.

आणि पुढच्या लाइनमधल्या सात जणांना विसरू नका, त्यांना सात खेचरं म्हणायचे. कॅप्टन अ‍ॅडम वॉल्श त्यातलाच, आर्मीविरुद्ध हात मोडलेला असताना खेळला, वर शेवटी शेवटी समोरच्यांनी हातानं फेकलेला पास पण त्यानंच मधेच पकडला. फोटोत तो नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बॅक पळतात ते समोर कुणीतरी वाट मोकळी करतं म्हणूनच, तुमचा डिफेंडर हे बरोबर सांगेल.

सीझनचा शेवट 1 जानेवारी 1925 ला, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या रोझ बोल मॅचमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाशी. त्यांचा एर्नी नेव्हर्स एकटा शंभरावर यार्ड पळाला, पण लेडननं त्यांचे दोन पास मधेच पकडून एकदा 78 आणि एकदा 70 यार्ड पळत जाऊन टचडाऊन केले, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, नोटर डेम 27-10 नं जिंकलं. दहा मॅच, दहा विजय. त्यानंतर मात्र कॉलेजनं असल्या बोल मॅच, म्हणजे सीझन संपल्यावरच्या खास मॅच, खेळणंच बंद केलं, ते पुन्हा उतरले थेट 1 जानेवारी 1970 ला.