नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

प्रश्न : वडील गेले. सोसायटीत नॉमिनी धाकटा भाऊ. फ्लॅट आता त्याचाच, असं तो म्हणतो. आईचा आणि माझा हक्क संपला का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करते ती कामं अडू नयेत म्हणून, मालकी वारसांचीच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, मुलगे, मुली यांना सारखा वाटा, लग्न झालेल्या मुलीलाही. (आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर तिलाही, हे हमखास विसरलं जातं.) आधी इंडेक्स २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीच्या दस्ताचा उतारा, काढून फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावे होता का ते बघा. सोसायटीला सगळ्या वारसांची नावं लेखी कळवा, पोच घ्या. "नुसती सही कर" म्हणत भाऊ हक्कसोडपत्र पुढे करेल. नोंदणी झाली की ते रद्द करायला कोर्टच गाठावं लागतं.