रेंदांगची कातडी आणि जळगावचं भरीत

माईंना विचारा

मागच्या अंकात मी टीव्हीवरच्या पाककला स्पर्धांबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा विषय एकच आहे : आवडता स्पर्धक बाहेर गेला आणि आम्हाला ते पटलं नाही. त्यांतली चार पत्रं इथे घेते आहे. पहिल्याला उत्तर लांबलं आहे, कारण ते पत्र वाचून मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटेना.

प्रश्न : माई, आम्ही सहा वर्षं क्वालालंपूरला राहतो. शेजारच्या मलय आजी हरी रायाला, म्हणजे ईदला, आमच्याकडे रेंदांगचा डबा पाठवतात. परवा लेकीने मला बीबीसीच्या ‘मास्टरशेफ’मधला 2018 सालचा तुकडा दाखवला. त्यात मलेशियात जन्मलेल्या झलेहा कादिर ओल्पिन यांना नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि चिकन रेंदांग केल्यावर घरी पाठवलं होतं. परीक्षक म्हणाले, कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. इथे आजही तो विषय काढला की माणसं तापतात. स्वयंपाकाच्या एका स्पर्धेसाठी देशच्या देश इतका का चिडला असेल?
— एक वाचक, क्वालालंपूर

उत्तर : तुमच्या शेजारच्या आजींना विचारलंत तर त्या माझ्याहून चांगलं सांगतील. तरी मला जे कळलं ते सांगते.

आधी पदार्थ समजून घेऊ. रेंदांग मूळचं इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं. या लोकांत पोटापाण्यासाठी गाव सोडून लांब जाण्याची जुनी रीत आहे. नारळाच्या दुधात, मसाल्याच्या वाटणात मांस तासन्‌तास शिजवायचं. आधी ते दूध पातळ असतं, मग दाट होतं, मग आटतं, तेल सुटतं आणि शेवटी मांस त्या सुटलेल्या तेलातच परतलं जातं. पाण्याचा अंश उरत नाही, म्हणून ते टिकतं. म्हणजे ती त्यांची शिदोरी. मलय द्वीपकल्पात गेलेल्या मिनांगकाबाऊंबरोबर ती तिथे पोचली आणि तिथलीच झाली. मलेशियात त्यात ‘करिसिक’ घालतात : ओला नारळ खवून कोरडाच तांबूस भाजायचा आणि तेल सुटेपर्यंत कुटायचा. हे वाचताना मालवणातल्या किंवा कोल्हापुरातल्या बाईच्या नाकाला आपल्या वाटणाचा वास आल्यावाचून राहणार नाही.

आता यात कातडी कुरकुरीत कशी होणार? जे दुधात शिजलं, रसात मुरलं, ते मऊच असणार. परीक्षक ग्रेग वॉलेस यांनी चव आवडल्याचं सांगितलं, पण कातडी कुरकुरीत नाही आणि सगळा रस त्या कातडीवरच आहे, त्यामुळे खाता येत नाही, असं म्हटलं. लोकांना लागलं ते हे वाक्य. दुसरे परीक्षक जॉन टोरोड काय म्हणाले ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की रेंदांगला आटायला, मऊ पडायला पुरेसा वेळ मिळाला नाही, कोंबडी चिवट राहिली. हा आक्षेप रेंदांगच्या आतून आलेला आहे. तुमच्या आजीही कच्च्या रेंदांगला हेच म्हणतील. वॉलेस यांनीही नंतर टीव्हीवर खुलासा केला की तळलेली कोंबडी हवी असं मला म्हणायचं नव्हतं, ती शिजलीच नव्हती असं म्हणायचं होतं. झलेहाताई आपल्या पद्धतीवर ठाम राहिल्या.

मला विचाराल तर ते ताट हरण्याजोगं असेलही. चाखल्यावाचून मी कोण सांगणार? पण हरवताना दिलेलं कारण चुकीचं होतं, आणि घरी बसून बघणाऱ्याला चव कळत नाही, वास येत नाही; त्याच्यापर्यंत पोचतात ते परीक्षकाचे शब्दच. त्या दिवशी लाखो घरांत पोचलं ते असं की तुमची आजी पिढ्यान्‌पिढ्या सणाला जे करते, ते चुकीचं करते. माणूस यावर चिडणारच. मी तर म्हणेन, चिडायलाच हवं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. महिनाभरावर, 9 मे 2018 ला, मलेशियात निवडणूक होती. पंतप्रधान नजीब रझाक आणि त्यांच्याविरुद्ध उभे ठाकलेले महाथीर मोहम्मद यांचं कशावरच पटत नव्हतं, पण रेंदांगच्या बाजूने दोघेही बोलले. महाथीर यांनी विचारलं, तुमची रेंदांग आणि केएफसी यांत गल्लत तर होत नाही ना? मलेशियातल्या ब्रिटिश उच्चायुक्त व्हिकी ट्रेडेल, त्यांचा जन्म मलेशियातल्या इपोहचा, त्यांनीही जाहीर सांगितलं की रेंदांग कुरकुरीत कधीच नसतं. टोरोड यांनी मात्र लोकांना उत्तर देताना लिहिलं, कदाचित रेंदांग इंडोनेशियाचं असेल, तुम्ही सगळे किती उत्साहात आला आहात, आणि शेवटी ‘नमस्ते’. मलेशिया, इंडोनेशिया, भारत, सगळं एकाच पातेल्यात. ज्या परीक्षकाची टीका बरोबर होती, त्यानेच एका ओळीत ती घालवली याचं मला वाईट वाटतं.

आता माझी गोष्ट. मी सावंतवाडीची, लग्न होऊन सांगलीला आले. तीसेक वर्षं महिला मंडळांच्या आणि तालुक्याच्या पाककला स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेत जळगावकडची एक सून वांग्याचं भरीत घेऊन आली होती. मोठी हिरवी-पांढरी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचलेली, वर पातीचा कांदा आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. मी चाखलं आणि कागदावर लिहिलं : ‘चव बरी, रंग नाही, मसाला कमी.’ दहापैकी चार गुण. माझ्या डोक्यात भरीत म्हणजे टोमॅटो, हळद, लाल तिखट. तिने काही म्हटलं नाही, डबा झाकला आणि गेली.

नंतर चार वर्षांनी भाचीच्या सासरी, जळगाव जिल्ह्यात, थंडीत शेतावर भरीत पार्टीला गेले. तिथे पन्नास माणसं तेच फिकट हिरवं भरीत खात होती. हळदीचा कणही नाही. पहिल्या घासालाच मला ती मुलगी आठवली. भरीत तिचं या शेतावरच्या इतकंच सरस होतं. मी तिला पत्र लिहायला तिचा पत्ता शोधला, मंडळाच्या वहीत तो नव्हता. आज हे छापून येतंय, ती वाचत असेल तर तिला सांगते : बाई, तुझं भरीत बरोबर होतं आणि चूक माझी होती.

तेव्हापासून चमचा उचलण्याआधी मी विचारते, ‘हे तुमच्याकडे कसं असतं? कशाबरोबर खातात? बिघडलं तर कसं बिघडतं?’ शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. करणारीला आपला पदार्थ कुठे बिघडतो हे पक्कं ठाऊक असतं, आणि ती ते खरं सांगते.

प्रश्न : माई, मुंबईतल्या एका स्पर्धेत मी आईचं घावन-घाटलं केलं. परीक्षक म्हणाले, घाटलं कस्टर्डसारखं घट्ट, वडी पडेल असं हवं होतं. मी पहिल्याच फेरीत बाद झाले. कार्यक्रम केबलवर दाखवला गेला आणि गावाकडचे सगळे माझ्या बाजूने भांडताहेत. मी आयोजकांना पत्र लिहू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लिही. पण निकाल बदला असं लिहू नकोस. घाटलं म्हणजे काय ते लिही : तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, गूळ, वेलची, गौरीच्या नैवेद्याला होतं, घावनाचा तुकडा त्यात बुडवून खातात, म्हणून ते वाहतंच असायला हवं. वडी पडली तर घावन बुडणार कुठे? इतकं स्पष्ट लिहिलंस तर पुढच्या वर्षी कोकणातली दुसरी कुणी गेली की तिला उपयोग होईल.

आणि एक गोष्ट स्वतःलाच विचार. ताट पुढे ठेवताना तू काही बोललीस का? आपल्या बायका ताट ठेवतात आणि दोन पावलं मागे सरून उभ्या राहतात. तसं करू नये. ‘हे असं वाहतं असतं, घावनाबरोबर घ्या,’ एवढं म्हणायचं. घावन आणि घाटलं वेगवेगळ्या ताटल्यांत दिलं असशील तर परीक्षकाने घाटलं चमच्याने एकटंच खाल्लं असणार. पुढच्या वेळी घावनाची घडी त्या वाटीतच कडेने सोड. गावच्या लोकांचं प्रेम खरं आहे, ते घे. पण पीठ कच्चं राहिलं होतं का, गुठळी होती का, हे आईलाच विचार. ती तुला खरं सांगेल.

प्रश्न : मी दहावीत आहे. टीव्हीवरच्या स्पर्धेत माझी आवडती ताई बाहेर गेली आणि जिने चुकीचं वागून तिला अडचणीत आणलं ती राहिली. मी तिच्या फोटोखाली खूप वाईट लिहिलं. बाबा रागावले. पण सगळेच लिहीत होते. माझं चुकलं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, चुकलं. तू विचारलंस म्हणजे तुलाही आतून ते कळलं आहे, म्हणून मी स्पष्ट सांगते.

तुला एक खरी हकिकत सांगते. इंग्लंडमधल्या ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या कार्यक्रमात 2014 च्या ऑगस्टमध्ये दाखवलेल्या एका भागात ‘बेक्ड अलास्का’ करायचा होता. तळाला केक, वर आइस्क्रीम, त्यावर मेरिंग, म्हणजे साखर घालून फेटलेला अंड्याचा पांढरा भाग. दिवस उन्हाचे, आणि स्पर्धा मोठ्या तंबूत. इयन वॉटर्स नावाच्या स्पर्धकाचं आइस्क्रीम डायना बीअर्ड यांनी फ्रीझरमधून बाहेर काढलेलं पडद्यावर दिसलं. इयनचं आइस्क्रीम वितळलं, तो संतापला आणि त्याने सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. परीक्षकांसमोर तो डबाच घेऊन गेला. मेरी बेरी आणि पॉल हॉलीवूड यांच्याकडे चाखायला काहीच नव्हतं, त्यांनी त्याला घरी पाठवलं.

बीबीसीकडे 800 हून अधिक तक्रारी गेल्या. आणि सगळा राग कुणावर निघाला? 69 वर्षांच्या डायनाबाईंवर. त्यांनी मुद्दाम केलं, घात केला, असं लोक लिहू लागले. सूत्रसंचालिका सू पर्किन्स यांना पुढे येऊन सांगावं लागलं की आइस्क्रीम बाहेर होतं ते फक्त 40 सेकंद. तासन्‌तास चाललेलं चित्रीकरण तासाभरात बसवताना काय कापलं आणि कशाला काय जोडलं, हे बघणाऱ्याला दिसत नाही. पुढच्या भागात डायनाबाई आजारपणामुळे नव्हत्या, आणि त्यांची स्पर्धा तिथेच संपली. या बाई स्वतः गावाकडच्या महिला मंडळांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जात असत. मी जाते तशाच. म्हणून मला त्यांच्यासाठी जास्त तुटतं.

पदार्थासाठी भांडायला माझी ना नाही. रेंदांगसाठी लोक भांडले ते मी वर लिहिलंच आहे. तिथे राग एका वाक्यावर होता, आणि ते वाक्य प्रत्येकाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तू मात्र एका मुलीच्या मनात काय होतं ते ठरवलंस, आणि तेवढं दाखवायला त्या तुकड्यात जागाच नव्हती. जे लिहिलंस ते आजच काढून टाक. शक्य असेल तर तिथेच ‘माझं चुकलं’ असं लिही. मग तुझ्या आवडत्या ताईला लिही, तिचा कोणता पदार्थ तू घरी करून बघितलास ते. बाहेर गेलेल्या माणसाला त्या आठवड्यात असलं एखादं पत्र फार लागतं.

प्रश्न : रेंदांग आपल्याकडे घरी जमेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल, आणि मटणाचं फार छान होतं. एक किलो मटणाला दोन मोठ्या नारळांचं दूध. वाटणाला छोटे कांदे, लसूण, आलं, भिजवलेल्या सुक्या मिरच्या आणि गवती चहाचा खालचा पांढरा दांडा; आपण चहात पात घालतो, ते हा दांडा वापरतात. कुळिंजन मिळालं तर घाला, नाही तर आलं थोडं वाढवा. वाटण तेलात खरपूस परतायचं, मटण घालायचं, दूध घालायचं आणि आच मंद करायची. कुकर लावू नका. अडीच-तीन तास लागतील. भाजून कुटलेलं खोबरं शेवटच्या अर्ध्या तासात.

हळदीची पानं हवीतच. श्रावणात पातोळ्यांसाठी बाजारात येतात तेव्हा दोन जास्तीची आणा आणि बारीक चिरून टाका. दूध आटू लागलं की पातेल्यापासून हलू नका, ते तेव्हाच तळाला लागतं. तेल सुटून रंग गडद तपकिरी झाला की उतरवा. त्या दिवशी कितीही मोह झाला तरी थोडं दुसऱ्या दिवसासाठी काढून ठेवा, मुरल्यावर ते जास्त चांगलं लागतं. कोंबडीचं करणार असाल तर कातडी काढून टाका, आणि वेळ निम्म्याहून कमी लागेल.