प्रभुभोजन सुरू झालं की मी उठून बाहेर जातो

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, वय ४३, नाव छापू नका. अकरा वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट होतो, रोज संध्याकाळी बाजारात फिरून कलेक्शन करायचो. मटक्याचा नाद लागला आणि लोकांचे ६२ हजार मी भरलेच नाहीत, त्यांच्या वहीवर मात्र सह्या करत राहिलो. उघडकीला आलं तेव्हा बायकोचं सोनं मोडून सगळं भरलं, काम गेलं, केस झाली नाही. देवापुढे रडलो, मटका सुटला, क्षमा मिळाली यावर विश्वास आहे, पण लाज काही जात नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, सुरू झालं की फोन आल्यासारखं करून बाहेर येतो, कारण अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो असं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच लिहिलंय. बाजारातल्या एका भाजीवाल्या मावशींचे ४३०० होते, त्यांची गल्ली अजून टाळतो. आता मुलीचं दृढीकरण आहे, म्हणजे तिने स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, परवा तिने विचारलं, पप्पा तुम्ही कधीच का घेत नाही? काय सांगू तिला?

उत्तर : भाऊ, सलाम. तुमचं पत्र तीनदा वाचलं, आणि तो खोटा फोन कानाला लावून दाराबाहेर उभा राहिलेला माणूस काही डोळ्यांसमोरून हलेना.

आधी पौलाचं बघू, कारण त्या वचनाने आपल्या मंडळ्यांत कितीतरी भली माणसं घाबरून बसलीत. १ करिंथ ११, म्हणजे करिंथच्या मंडळीला त्याने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, सबंध वाचा, एकच ओळ नको. तिथे काय चाललं होतं, तर काही जण आधीच येऊन खाऊनपिऊन घ्यायचे, एखादा तर चक्क झिंगायचा, आणि गरीब भाऊबहीण उपाशी राहायचे, त्यांना सगळ्यांसमोर लाजवलं जायचं. पौल चिडलाय तो यावर. म्हणजे दुसऱ्याला लाज आणणारं जेवण अयोग्य, असं तो म्हणतोय आणि आपण ते लाजलेल्या माणसालाच लावून ठेवलंय. आणि २८वं वचन बघा, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. खावं असं लिहिलंय, बाहेर जावं असं नाही. आत्मपरीक्षा तर तुम्ही अकरा वर्षं करताय हो.

आता लाजेचं. पाप हे आपण केलेलं काम असतं, ते कबूल करता येतं, भरपाई करता येते, तुम्ही दोन्ही केलंत. लाज मात्र तोंडाशी जोडलेली असते, म्हणून तर आपण म्हणतो तोंड दाखवायला जागा नाही, मान वर होत नाही. एकट्याने खोलीत कितीही प्रार्थना केली तरी ती पूर्ण जात नाही असा माझा अनुभव आहे, ती जाते कुणाच्या तरी समोर उभं राहिल्यावर.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा ना. येशूला धरून नेलं ती रात्र. प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडीची रात्र, चाकरांनी कोळशांचा विस्तव केलेला, त्यावर हात शेकत पेत्र तीन वेळा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. नंतर तो रडला, म्हणजे पश्चात्ताप झालाच होता. पुढे योहान २१ मध्ये तिबिर्या समुद्राच्या काठी येशू पहाटे उभा आहे आणि तिथे काय पेटलंय, तर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द सगळ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो, योहान १८ आणि २१. कोळशाचा वास नाकात गेल्यावर पेत्राला ती रात्र आठवली नसेल? मला वाटतं येशूने मुद्दाम तिथेच नेऊन बसवलं त्याला. आणि काठावर आल्यावर बोलावणं काय, "या, न्याहारी करा." आधी जेवू घातलं, विचारपूस नंतर, आणि तीही तू असं का केलंस अशी नाही, माझ्यावर प्रीती करतोस का, तीनदा नाकारलं म्हणून तीनदा, बाकीच्यांसमोर, आणि दर वेळी मेंढरं सोपवली त्याच्याकडे. पेत्र तिसऱ्यांदा दुःखी झाला असं लिहिलंय. दुखतं ते. पण तो फोन घेऊन बाहेर गेला नाही.

आमचे अण्णा दारूत चौदा वर्षं होते. सोडल्यावरही वर्षभर ते प्रभुभोजनाला उठायचे नाहीत. ज्या रविवारी उठले त्या दिवशी हात इतका थरथरला की तो छोटा ग्लास पांढऱ्या शर्टावर सांडला, सगळं चर्च बघत होतं, आई तर डोळे मिटूनच बसली. मंडळीतले एक म्हातारे वडीलजन होते, ते काही बोलले नाहीत, स्वतःच्या रुमालाने अण्णांचा शर्ट टिपला, दुसरा ग्लास आणला आणि अण्णांचा हात खालून धरून ठेवला पिऊन होईपर्यंत. स्तोत्र ३ मध्ये दावीद देवाला माझं डोकं वर करणारा म्हणतो, ते मला त्या दिवशी कळलं.

इथे जरा थांबून आणखी कुणाशी तरी बोलायचंय, कारण लाजेबद्दल या सदराला सगळ्यात जास्त पत्रं बायकांची येतात आणि त्यातल्या कित्येकींनी काहीच केलेलं नसतं, त्यांच्यावर केलं गेलेलं असतं. बायांनो, त्याचा पश्चात्ताप करायचा नसतो, ते पाप तुमचं नाहीच. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, आणि ज्यांना समाज पतित म्हणून हाकलायचा त्यांच्यासाठीही घर काढलं, त्याला नाव दिलं कृपासदन. त्या दारावर बाईच्या भूतकाळाचं नाव नव्हतं. तेव्हाच्या पुण्यामुंबईत हे किती धाडसाचं होतं याचा विचार करा.

तर भाऊ, पैसे पतसंस्थेत भरले गेले, पण त्या मावशींना तुम्ही कधी तोंड दाखवलंच नाही, खरं ना? गाठ तिथे आहे. लूक १९ मधल्या जक्कय या जकातदारानेही ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत करीन हे मनातल्या मनात नाही, उभं राहून बोलून दाखवलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जा, लांबलचक भाषण नको, मावशी मी तुमचे पैसे खाल्ले होते, माफ करा, एवढंच बोला. त्या शिव्या देतील, कदाचित म्हणतील मला आठवतही नाही, कदाचित माफ करणारही नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे. तुमची क्षमा त्यांच्या उत्तरावर टांगलेली नाहीये, ती वधस्तंभावर झालीय.

त्याआधी पाळकसाहेबांना किंवा ज्यांच्या तोंडाला कुलूप आहे अशा एखाद्या वडीलजनांना सगळं सांगा, माइकवर साक्ष द्यायची घाई अजिबात करू नका. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरकडेही जा किंवा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

आणि मुलीला सांगाच, ती दृढीकरणाच्या वयाची आहे, तिला कळतं. पप्पाने लोकांचे पैसे खाल्ले होते, आईचं सोनं मोडून परत केले, लाजेने पुढे येत नव्हतो, या वेळी येणार आहे. आकडे-बिकडे तिने विचारले तरच. मग त्या रविवारी शेवटचा बाक सोडून तिच्या शेजारी बसा आणि फोन घरीच ठेवा.