सोसायटीसाठी एजन्सीकडून वॉचमन आणि पार्किंगला माणूस घेतोय, काय काय चेक करू?

आधी २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याचं लायसन्स बघा, मुदत संपलेली नाही ना तेही. पण खरी गोची कोटेशनमध्ये असते, रेट स्वस्त दिसतो कारण बारा तास ड्युटी आणि ओव्हरटाइम शून्य, खरं तर वेतन संहितेने (किमान वेतन कायद्याच्या जागी आलेला कायदा) तो दुप्पट दराने द्यावा लागतो. बिल पास करायच्या आधी पीएफ-ईएसआयचं (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा) चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, आणि सोबतची कर्मचाऱ्यांची यादी मागा आणि त्या यादीत तुमच्याच गेटवरच्या पोरांची नावं आहेत का ते बघा, दुसऱ्या साइटचं चलन बिनधास्त चिकटवतात काही जण. पोलीस व्हेरिफिकेशन प्रत्येकाचं, फक्त सुपरवायझरचं नाही. पार्किंगवाल्याला रिफ्लेक्टर जॅकेट आणि टॉर्च द्या, आणि गाड्या हलवायला लावणार असाल तर त्याचं ड्रायव्हिंग लायसन्सही बघून घ्या.